शाळेचा पट आणि गांवची पत

(शेवगांव तालुक्यांतील एका खेड्यांत सप्टेंबर महिन्यांत भरलेल्या पालकांच्या सभेंत तेथील शाळेच्या शिक्षकांनीं केलेलें भाषण.)



बाजरी कापणीला आली आहे, कपाशीचीं बोंडें फुटूं लागलीं आहेत, रब्बीसाठीं पाभरीचे फण धार लावायला लोहाराच्या दारांत येऊन पडले आहेत. अशा घाईच्या दिवसांत आपण एवढी मंडळी शाळेच्या ओट्यावर येऊन बसलां, ह्याबद्दल आपले आभार. आभाराला जास्त वेळ घेत नाहीं; दिवेलागणीला धारा काढायच्या असतात हें आम्हांसही ठाऊक आहे. आम्ही शेतकऱ्याच्याच घरांत जन्मलों. अध्यापक विद्यालयानें हातांत खडू दिला, म्हणून त्या हाताला रुमण्याची ओळख राहिली नाहीं असें झालेलें नाहीं.

येत्या ३० सप्टेंबरला शाळेचा पट मोजला जाईल. त्या दिवशीं पटावर किती मुलें आहेत त्यावरून ह्या शाळेला किती शिक्षक मिळायचे तें ठरतें. सरकारी भाषेंत ह्याला संचमान्यता म्हणतात. आपल्या भाषेंत सांगायचें तर ही शाळेची पैसेवारी आहे. पिकाची पैसेवारी पन्नासांच्या वर लागली कीं गांव दुष्काळाच्या यादींतून बाद होतें, मग शिवारांत कडब्याची पेंढी सुद्धां नसो. तसाच शाळेचा पट विसांच्या खालीं गेला कीं शाळा बाद होण्याच्या वाटेला लागते, मग त्या वाडीवरचीं पोरें कोठें जातील हें कोणी विचारीत नाहीं. पिकाची पैसेवारी चुकीची लागली तर आपण तहसिलीवर मोर्चा नेतों. शाळेची पैसेवारी लागते तेव्हां मात्र आपल्यांतला एकही तेथें हजर नसतो. ती मास्तर एकटा बसून मोबाइलवर भरतो.

विसांचा हा आंकडा एकाएकीं आलेला नाहीं. २०१७ च्या अखेरीस दहांपेक्षां कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत मिळवून टाकण्याचें ठरलें होतें. पुढें २१ सप्टेंबर २०२३ रोजीं शिक्षण आयुक्तांकडून पत्र निघालें कीं, विसांपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव पाठवा. नमुना म्हणून नंदुरबारकडचें तोरणमाळ आणि पुण्याकडचें पानशेत दाखविलें. त्या वेळच्या सरकारी मोजणीप्रमाणें राज्यांत अशा शाळा १४,७८३ होत्या आणि त्यांत शिकणारीं मुलें १ लाख ८५ हजारांवर होतीं. भागाकार केला तर शाळेमागें बारा-तेरा मुलें पडतात. कागदावर बारा-तेरा म्हणजे कांहींच नव्हे. पण हीं बारा-तेरा कोणाचीं? अकोले तालुक्यांतल्या महादेव कोळ्यांचीं व ठाकरांचीं, पारनेर-संगमनेरच्या माळांवरल्या धनगरांचीं, आपल्याकडच्या ऊसतोड्यांचीं, वस्तीवर राहून दुसऱ्याचें शेत कसणारांचीं. ज्याच्याजवळ दुचाकी आहे त्याचें पोर ह्या यादींत सहसा सांपडत नाहीं. हें एकट्या महाराष्ट्राचें आहे असेंही नव्हे. उत्तर प्रदेशांत २०२५ च्या जूनमध्यें कमी पटाच्या शाळा जोडण्याचा हुकूम निघाला. लोक ओरडले, कोर्टांत गेले, तेव्हां एक किलोमीटरपलीकडची शाळा जोडणार नाहीं असें तेथल्या सरकारला सांगावें लागलें.

आतां कायदा काय म्हणतो तें ऐका. शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणें पहिली ते पांचवीच्या शाळेंत साठपर्यंत मुलें असलीं तर शिक्षक दोन पाहिजेत. मग तीं मुलें साठ असोत कीं सहा असोत. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणें पांचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आंत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आंत पाहिजे. कायद्यानें अंतर मोजायला सांगितलें. अंमलदार डोकीं मोजूं लागले. १५ मार्च २०२४ चा निर्णय निघाला कीं, सहावी ते आठवीला वीस मुलें नसतील तर शिक्षकाचें पदच नाहीं, आणि खालच्या वर्गांचा पट विसांच्या आंत असेल तर कायम शिक्षक एक, दुसऱ्याच्या जागीं निवृत्त झालेले गुरुजी. त्याच वर्षीं ५ सप्टेंबरला, शिक्षकदिनाचा मुहूर्त साधून, असा दुसरा निर्णय आला कीं ह्या लहान शाळांतलें एक पद डी.एड., बी.एड. होऊन बेकार बसलेल्या तरुणांतून महिना पंधरा हजारांच्या मानधनावर कंत्राटानें भरावें. २५ सप्टेंबर २०२४ रोजीं राज्यभर शिक्षकांनीं सामुदायिक रजा घेतली. २०२५ च्या फेब्रुवारींत तो कंत्राटाचा निर्णय मागें घेतला गेला. म्हणजे ओरड केली तर ऐकूं जातें. फरक इतकाच कीं त्या वेळीं ओरडले ते शिक्षक होते. पालकांचा आवाज कोठें आला नाहीं. पदाला धक्का लागला म्हणून आम्ही ओरडलों, पोराला धक्का लागला तेव्हां बाप गप्प बसला, हें चित्र आम्हांस शोभणारें नाहीं आणि आपणांसही नाहीं.

आपल्यांतच कोणी असें म्हणतो, आणि आम्हीं तें पारावर ऐकलें आहे, कीं सरकार फुकट शिकवितें, मग दहा पोरांसाठीं दोन-दोन पगार कशाला? ह्या प्रश्नाला थोडें मागें जाऊन उत्तर देतों. फुकट हा शब्दच खोटा आहे. १८६३ च्या सुमारास मुंबई इलाख्यांत शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा लोकल फंड म्हणून बसविला गेला. दोन हिस्से रस्त्यांना व एक हिस्सा शाळांना, अशी त्याची वांटणी होती. हा आणा कोणीं भरला? ज्यांच्या गांवाला ना रस्ता होता ना शाळा होती, त्या आपल्या पणज्या-खापरपणज्यांनीं भरला. आजही काडेपेटीपासून खताच्या गोणीपर्यंत जें जें आपण विकत घेतों, त्यावरचा कर आपण भरतोंच. तेव्हां ही शाळा कोणाचा धर्मादाय नव्हे. पैसे आगाऊ भरून घेतलेली वस्तू आहे, आणि ती पुरी मापून घेण्याचा हक्क गिऱ्हाइकाला असतो.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजीं जोतीराव फुल्यांनीं पुण्यास हंटर कमिशनपुढें निवेदन दिलें, त्यांत हाच हिशेब मांडला आहे. सरकारचा वसूल रयतेच्या घामांतून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हें त्यांनीं साहेबाला तोंडावर सांगितलें. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा आणि लोकल फंडाचा निम्मा पैसा त्याला द्या, असें मागितलें. शिक्षक शक्य तों शेतकऱ्यांच्या वर्गांतला घ्या, त्याला शिकवून तयार करा, नांगराची मूठ किंवा सुताराचा वांकस हातीं धरायला ज्याला लाज वाटणार नाहीं असा घ्या, आणि पगार बारा रुपयांच्या खालीं देऊं नका, असेंही सांगितलें. पण आजच्या सभेला सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट निराळीच आहे. त्या काळीं परीक्षेच्या निकालावर शाळेला पैसा देण्याची पद्धत होती. जोतीराव म्हणाले कीं गरीब व अडाणी लोकांत ही पद्धत चालणार नाहीं. कारण ज्यांना शिक्षणाची गोडी अजून लागलेली नाहीं त्यांच्यांत कोणीही आपण होऊन शाळा काढणार नाहीं, त्याचें पोटच त्यावर भरणार नाहीं. म्हणून ती गोडी लागेपर्यंत सरकारनेंच शाळा चालविल्या पाहिजेत. त्या काळीं निकालावर पैसा, आज पटावर शिक्षक. बाजाराचें माप तेंच, फक्त पायलीच्या जागीं किलो आला. जेथें गिऱ्हाईक थोडें तेथें दुकान बंद, हा शेटजीचा न्याय दुकानाला ठीक आहे. विहीर, पाणंद आणि शाळा ह्यांना तो लागू नाहीं. तीन घरांच्या वस्तीवरची विहीर, पाणी पिणारे थोडे आहेत म्हणून कोणी बुजवीत नाहीं.

जोतीरावांच्या त्या निवेदनांत एक गंमतही आहे. शिक्षकाचें गांवांत वजन राहावें म्हणून त्याला कुळकर्ण्याचें, दस्तनोंदणीचें किंवा पोस्टाचें काम जोडून द्यावें, म्हणजे वरकड मिळकत होईल, असें त्यांनीं सुचविलें होतें. त्यांची पहिली अर्धी सूचना सरकारनें आजपर्यंत मनापासून पाळली आहे. मतदारयादी आम्ही करतों, नाना तऱ्हेचे सर्व्हे आम्ही करतों, गणवेशाचीं मापें आम्ही घेतों, तांदळाचा हिशेब आम्ही ठेवतों. वरकड मिळकतीची सूचना तेवढी दप्तरांत राहून गेली. कायद्याच्या २७ व्या कलमानें जनगणना, निवडणूक व आपत्तीचें काम सोडून शिक्षकाला दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावूं नये असें म्हटलें आहे. पण हें रडगाणें आम्ही आपल्यापुढें लांबवीत नाहीं. शेतकऱ्यापुढें कामाची तक्रार करणें म्हणजे गंगेपुढें तहान सांगणें होय.

एका शिक्षकाच्या शाळेंत काय होतें तें मात्र सांगतों, कारण पट तेथेंच गळतो. पहिलीचीं दोन पोरें अजून आईसाठीं रडतात; त्यांना पाटीवर अक्षर गिरवायला दिलें. दुसरी-तिसरीला एका ओळींत बसवून पाढे म्हणायला लावले. चौथीला फळ्यावर भागाकार मांडून दिला आणि पांचवीला म्हटलें, धडा मनांत वाचा. भागाकारांत बाकी कशी उरते हें सांगूं लागावें, तों पहिलीतल्या एकानें दुसऱ्याच्या डोक्यांत पाटी घातलेली असते. तेवढ्यांत मोबाइल वाजतो: अमुक माहिती बारा वाजेपर्यंत तात्काळ सादर करा. बारा वाजतां खिचडी शिजली कीं नाहीं पाहायचें, ताटें मोजायचीं, जेवणारांचा आंकडा पुन्हां मोबाइलवर टाकायचा. वर्षभर असें चालल्यावर चौथीच्या पोराला भागाकार येत नाहीं. बाप म्हणतो, झेडपीच्या शाळेंत कांहीं शिकवीत नाहींत, आणि पोराला पिवळ्या व्हॅनमध्यें बसवितो. पट एकानें उतरतो. पट उतरला म्हणून दुसरा शिक्षक जातो. दुसरा शिक्षक गेला म्हणून आणखी चार पोरें जातात. जोडींतला एक बैल सोडून न्यावा आणि एका बैलावर औत चालत नाहीं म्हणून शेत पडीक लिहावें, त्यांतला हा प्रकार आहे.

दोन शिक्षक पुरे असले तर हीच लहान शाळा फार चांगली चालते, हें आम्ही अनुभवानें सांगतों. वीस पोरांत कोणाला चष्मा लागला आहे, कोण उपाशी आलें आहे, कोणाचा बाप काल रात्रीं पिऊन आला होता, हें गुरुजीला चेहऱ्यावरून कळतें. मोठ्या शाळेंत तें हजेरीपटावरून कळत नाहीं.

समूह शाळेची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. तिकडचे लोक म्हणतात, मोठ्या शाळेंत इयत्तेइयत्तेला शिक्षक मिळेल, मैदान मिळेल, संगणक मिळेल, मुलांना बस देऊं. रस्ता चांगला असेल, बस खरोखर येत असेल आणि गांवानें ग्रामसभेंत आपण होऊन तशी मागणी केली असेल, तर आमचा विरोध नाहीं. पण बस ही डिझेलवर चालते, आणि डिझेल बिलावर चालतें. बिल अडलें कीं बस अडणार. अकोल्याच्या डोंगरांत आषाढ-श्रावणांत ओढे भरतात, आमच्या ह्या काळ्या रानांत पाऊस झाला कीं पायांतली वहाण चिखलांत राहते. बस अडली त्या दिवशीं पोरगा चालत जाईल. पोरगी घरीं बसेल, धाकट्याला सांभाळील, आणि एकदां बसली कीं बसलीच. पुढें दोन वर्षांनीं तिच्या लग्नाची बोलणीं चालतील आणि आपण अक्षता टाकायला जाऊं.

ह्या जिल्ह्याला तरी हें विशेष जपायला हवें. १८४८ च्या सुमारास जोतीराव नगरला मिस फरार ह्या अमेरिकन मिशनच्या बाईंची मुलींची शाळा पाहून गेले, आणि पुण्यास भिडे वाड्यांत मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईही अध्यापनाचें शिक्षण घ्यायला येथेंच आल्या होत्या असें त्यांचे चरित्रकार सांगतात. जामखेड तालुक्यांतल्या चौंडीच्या माणकोजी पाटलांनीं मुलीला लिहायला-वाचायला शिकविलें असें सांगतात. तिनें पुढें इंदूरचें राज्य चालविलें, आणि २०२४ सालीं ह्या जिल्ह्यानें तिचें नांव घेतलें. जिल्ह्याची पाटी एका धनगराच्या लेकीच्या नांवाची झाली. त्या पाटीखालीं आजच्या धनगराच्या लेकीला शाळा तीन-चार कोसांवर गेली, तर नांवाचा रंग किती दिवस टिकणार?

आतां व्हॅनविषयीं बोलतों. कोणाला राग आला तर येवो. इंग्रजी वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. इंग्रजी हा विषय आपल्या ह्याही शाळेंत पहिलीपासून आहे, २००० सालापासून आहे. बापाला वाटतें आपल्या पोरानें साहेब व्हावें. त्यांत त्याचा दोष कांहीं नाहीं, आमच्याही बापाला तसेंच वाटत होतें. पण कर्ज काढून, कांद्याची पट्टी येण्याअगोदर तिच्यावर उचल घेऊन ज्या शाळेची फी आपण भरतां, त्या शाळेंत शिकविणाऱ्या पोरीला महिना काय मिळतें आणि तिचें शिक्षण काय झालें आहे, हें एकदां विचारून पाहा. गाय घेतांना आपण दांत पाहतों, सड पाहतों, धार काढून पाहतों. शाळा घेतांना टाय आणि बूट पाहून परत येतों. दुसरींतलें एक पोर घरीं बोलावून त्याला ई-पीक पाहणींत स्वतःच्या वावराचा गट नंबर वाचायला सांगा. इंग्रजींत सांगतां येत नाहीं आणि मराठींत वाचतां येत नाहीं, असें आढळलें तर फी कशाची भरली तें आपलें आपणच ठरवा.

ह्याच संबंधांत एक गोष्ट स्पष्ट करतों. खाजगी शाळांत पहिल्या वर्गाच्या चौथा हिस्सा जागा गरिबांच्या मुलांना फुकट द्याव्या असें कायद्यांत आहे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजीं राज्य सरकारनें नियम बदलून, जेथें एक किलोमीटरच्या आंत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तेथल्या खाजगी शाळांना त्यांतून सूट दिली. आमच्यांतल्या कांहींना त्या वेळीं बरें वाटलें, कीं आतां आपला पट वाढेल. मुंबई हायकोर्टानें १९ जुलै २०२४ रोजीं तो बदल रद्द केला, आणि तें योग्य झालें. श्रीमंताच्या पोराला दोन वाटा उघड्या आणि गरिबाच्या पोराची एक वाट बंद करून आमची शाळा भरावी, असला पट आम्हांस नको. आमची शाळा चांगली झाली म्हणून पोरें यावींत. आणि चांगली झाली पाहिजे ही जबाबदारी आमच्या पेशावर आहे. जो शिक्षक शहरांत राहतो, स्वतःचें मूल दुसऱ्या शाळेंत घालतो आणि ह्या शाळेचे गोडवे गातो, त्याच्यावर गांवानें विश्वास कां ठेवावा? २०१५ सालीं अलाहाबाद हायकोर्टानें, सरकारी नोकरांचीं मुलें सरकारी शाळेंत गेलीं पाहिजेत असें सुनावलें होतें. तें कागदावरच राहिलें.

२०२५ सालीं पहिलीपासून हिंदीचा गलबला झाला तो आपणांस आठवत असेल. १६ एप्रिलला हुकूम, १७ जूनला सुधारलेला हुकूम, २९ जूनला दोन्ही मागें. लहान पोरावर तिसरी भाषा लादूं नये हें आमचेंही मत आहे. पण त्या तीन महिन्यांत तिसऱ्या भाषेवर जेवढें बोललें गेलें, त्याच्या चौथाईनें जरी दुसऱ्या शिक्षकावर बोललें गेलें असतें, तर वाड्यावस्त्यांचें कल्याण झालें असतें. जेथें शिक्षकच एक, तेथें भाषा किती हा वाद शहरांतल्या लोकांचा आहे.

इमारतीविषयीं फार बोलायला नको. नगर तालुक्यांतल्या निंबोडीस २८ ऑगस्ट २०१७ रोजीं पावसांत शाळेचें छत कोसळून तीन लेंकरें गेलीं, हें ह्या जिल्ह्यांत कोणी विसरलेलें नाहीं. जी खोली धोक्याची आहे तिचें निर्लेखन करून घेण्यासाठीं ठराव लागतो. तो ठराव मास्तरानें नव्हे, आपण करायचा असतो. खोली पडेपर्यंत कागद फिरत राहतो, पण मुळांत कागद निघालाच नाहीं तर फिरणार तरी काय? दाद मागायची कोठें, हाही प्रश्नच झाला. जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चांत संपली, आणि पुढें तीन वर्षें उलटून गेलीं तरी निवडणूक झाली नाहीं. कारभार प्रशासकाच्या हातीं राहिला. ज्याला आपल्या दारांत मतें मागायला यायचें नाहीं, त्याला आपल्या शाळेच्या गळतीचें दुःख कितीसें असणार?

आतां ज्या घरांतले कोयते दसरा-दिवाळीनंतर बाहेर पडणार आहेत, त्यांच्याशीं बोलतों. मुकादमाची उचल घेतलेली आहे, जाणें चुकणार नाहीं, हें आम्ही जाणतों. ३० सप्टेंबरला आपलीं पोरें येथें पटावर असतात आणि नोव्हेंबरांत बाकें रिकामीं पडतात. तिकडे कारखान्याच्या तळावर पहाटे तीनला आईबाप फडांत गेले कीं दहा वर्षांची पोर चूल पेटविते, पाणी भरते आणि पाचटाच्या कोपींत धाकट्याला झोका देते. एप्रिलांत परत आली कीं तिला मागचें सगळें विसरलेलें असतें, आणि वर्गांत तिच्यापेक्षां लहान पोरें पुढें गेलेलीं पाहून ती लाजून दाराशीं बसते. ह्यासाठीं हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पोर गांवांतच आजी-आजोबांपाशीं किंवा चुलत्याकडे ठेवायचें आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय शाळेमार्फत करायची, असा तिचा घाट आहे. पण कोणाचीं किती पोरें राहणार ही यादी आधीं द्यावी लागते. यादी उशिरां गेली कीं मंजुरी उशिरां येते, आणि मंजुरी येते तेव्हां गाडी घाट उतरून गेलेली असते. म्हणून आजच नांवें सांगा. ज्या घरांत म्हातारें माणूस नाहीं त्या घरची पोर कोण ठेवून घेईल, हें येथेंच बसून ठरवूं. सुताराच्या आवडाबाईपासून पाटलाच्या वाड्यापर्यंत कोणीही हात वर करावा. जेवण शाळेंत होईल, फक्त रात्रीं निजायला छप्पर आणि दोन गोड शब्द पाहिजेत.

शाळा व्यवस्थापन समिती म्हणून एक समिती आहे, हें आपल्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसेल, कारण तिची वही सहीसाठीं घरीं येते आणि सही करून परत जाते. कायद्यानें तिच्यांत चारांत तीन सभासद पालक असतात, आणि निम्म्या बाया असतात. शाळेला काय पाहिजे ह्याचा आराखडा तिनें करायचा असतो. बायांनो, तुमच्या नांवावर नवऱ्यानें अंगठा किंवा सही करणें हें आतां बंद करा. खिचडींत डाळ किती पडते, तें तुमच्याइतकें ना अधिकाऱ्याला कळतें ना आम्हांस. २०२५ च्या जानेवारींत सरकारनें पोरांच्या अंड्याचा पैसा काढून घेतला आणि लोकवर्गणींतून द्या म्हणून सांगितलें. त्या गोष्टीचा निषेध तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणीं करायचा?

शेवटचें काम तांतडीचें आहे. पटावर नांव असून भागत नाहीं; तें नांव, जन्मतारीख आणि आधार हीं एकमेकांशीं जुळलीं नाहींत तर संचमान्यतेंत पोर धरलें जाईल ह्याची खात्री नाहीं. वर्गांत बसलेलें, पाढे म्हणणारें, खिचडी खाणारें पोर हिशेबांत मात्र नाहीं, असा चमत्कार होतो. एकाचें नांव शाळेंत सोनाली आणि कार्डावर सोनी, दुसऱ्याच्या बापाचें नांव उलटें पडलेलें, तिसऱ्याच्या जन्माचा दाखला कारखान्याच्या गांवीं राहिलेला. बारा पोरांच्या शाळेंत अशीं तीन नांवें गळलीं कीं काय उरलें तें बोटांवर मोजा. ग्रामपंचायतीचे ऑपरेटर येथें येऊन बसले आहेत. आठ वाजतां लाईट जाते. त्याच्या आंत जेवढीं नांवें जुळतील तेवढीं आज जुळवूं, राहतील त्यांना उद्यां सकाळीं शेतावर जाण्यापूर्वी बोलावूं. ज्यांच्याजवळ कागद आहेत त्यांनीं पुढें यावें, कोयतेवाल्यांनीं अगोदर यावें.